विपुलतेतील उपासमार



इतिहास, साहित्य, समाजकारण अशा विषयांची परंपरा असलेल्या या व्यासपीठावर, एखाद्या रसायनाच्या चिमूटभर भुकटीने सूक्ष्मजंतूंच्या वाढीवर काय परिणाम होतो हे सांगण्यासाठी मला पाचारण करण्यात आले, याबद्दल मी व्याख्यानमालेच्या चालकांचा मनापासून ऋणी आहे. कारण गेल्या शतकातील जीवशास्त्राचे काही अत्यंत मूलगामी सिद्धांत याच विषयातून उगम पावले, आणि तो उगम आपल्याकडच्या सामान्य वाचकापर्यंत अद्याप फारसा पोचलेला नाही, अशी माझी समजूत आहे. प्रश्न अगदी साधा आहे. ज्या द्रव्यांपासून एखाद्या जीवाचा देह घडतो, तीच द्रव्ये त्याला आयती पुरविली तर त्याची वाढ झपाट्याने व्हावी की खुंटावी? झपाट्याने व्हावी, असेच कोणीही म्हणेल. बहुतेक वेळा तसेच घडते. परंतु काही वेळा घडत नाही. आणि जेव्हा घडत नाही तेव्हा का घडत नाही, हे शोधता शोधता सजीव पेशीच्या अंतर्गत कारभाराचे दप्तर शास्त्रज्ञांच्या हाती लागले.

प्रथिने ही सजीवांच्या देहातील प्रमुख घटकद्रव्ये असून ती वीस प्रकारच्या ॲमिनो अम्लांच्या साखळ्यांनी बनलेली असतात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. या विसांपैकी नऊ अम्ले माणसाला स्वतः तयार करता येत नाहीत. डाळीतून, दुधातून, मांसमच्छीतून ती त्याला मिळवावी लागतात. आपल्याच आतड्यांत वास करणारा एश्चेरिकिया कोलाय हा दंडाकृती सूक्ष्मजंतू मात्र या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी समर्थ आहे. थोडे क्षार, थोडा अमोनिया आणि ग्लुकोज एवढ्याच सामग्रीवर, आपल्या देहाइतक्या उष्णतेत, तो विसाच्या वीस अम्ले स्वतः घडवितो आणि पाऊण तास ते तासाभरात एकाचे दोन होतो. त्याच जंतूला मांसाच्या अर्काचे सकस द्रावण दिले, की अवघ्या वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. तयार अम्ले बाहेरून मिळाल्यामुळे ती घडविण्याचा खर्च वाचला, आणि वाचलेली शक्ती वाढीकडे वळली, असा याचा सरळ अर्थ. मग प्रत्येक ॲमिनो अम्ल वाढीला पोषक असलेच पाहिजे, नाही का?

सन १९३९ मध्ये ग्लॅडस्टन नावाच्या इंग्रज संशोधकाने काळपुळी रोगाच्या जंतूच्या आहाराविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने अशी नोंद केली होती, की या जंतूच्या पोषक द्रावणात एकटे व्हॅलीन घातले तर वाढ थांबते, एकटे ल्युसीन घातले तरी थांबते. पण दोन्ही एकत्र घातली म्हणजे जंतू सुखाने वाढू लागतो. पुढे १९४६ साली अमेरिकेतील एडवर्ड टेटम यास एश्चेरिकिया कोलायच्या के-१२ या वाणात असाच प्रकार आढळला. लिटरभर द्रावणात चाळीस-पन्नास मिलिग्रॅम व्हॅलीन टाकले की हा जंतू जागच्या जागी थबकतो. भोवती ग्लुकोज आहे, अमोनिया आहे, क्षार आहेत, आणि वर व्हॅलीनची भर आहे. तरीही वाढ नाही. मग त्याच द्रावणात आयसोल्युसीन नावाचे, व्हॅलीनपेक्षा केवळ एका कर्बाणूने मोठे असलेले, दुसरे अम्ल किंचित घालावे, आणि थांबलेली वाढ पूर्ववत सुरू व्हावी.

श्रोतेहो, या निरीक्षणापाशी क्षणभर थांबा, अशी माझी विनंती आहे. व्हॅलीन हे विष असते, तर आयसोल्युसीनने त्याचा उतारा पडण्याचे कारण काय? आणि ते अन्न असेल, तर ते मिळाल्याने जंतू उपाशी का मरावा? येथे एकच निष्कर्ष संभवतो, आणि तो असा की व्हॅलीनच्या विपुलतेमुळे त्या जंतूच्या पोटात आयसोल्युसीनचा दुष्काळ पडला. विपुलतेने दुष्काळ पडावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. आजचे माझे सारे निवेदन या एका विपरीत गोष्टीच्या उलगड्यासाठी आहे.

उलगड्याची पहिली पायरी एका अनपेक्षित ठिकाणी घातली गेली. वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेचे पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणारे एक खाते होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या खात्यातील रॉबर्ट्स, एबल्सन, कौई, बोल्टन आणि ब्रिटन या मंडळींनी आपले लक्ष चुंबकाकडून जंतूंकडे वळविले. किरणोत्सर्गी कर्बाची खूण असलेले ग्लुकोज त्यांनी जंतूला खाऊ घातले, आणि त्याच वेळी एखादे साधे, बिनखुणेचे ॲमिनो अम्ल द्रावणात ठेवले. जंतू ते अम्ल स्वतः घडवीत राहिला, तर त्याच्या प्रथिनांतील त्या अम्लावर खूण उमटेल. घडविणे थांबवून बाहेरचे घेऊ लागला, तर खूण उमटणार नाही. प्रयोगाची ही योजना किती निर्मळ आहे, पाहा! १९५५ साली त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार पुष्कळशा अम्लांच्या बाबतीत खूण उमटली नाही. म्हणजे बाहेरून अम्ल मिळू लागताच जंतू आपला स्वतःचा कारखाना बंद करीत होता. त्याच सुमारास आरोन नोव्हिक आणि अणुशक्तीच्या इतिहासात ज्याचे नाव अजरामर आहे तो लिओ झिलार्ड, या दोघांनी दाखवून दिले की ट्रिप्टोफॅन तयार न करू शकणारा एक जंतू त्या अम्लाचे अर्धवट घडलेले पूर्वद्रव्य बाहेर सांडत राहतो. पण द्रावणात ट्रिप्टोफॅन घातले की सांडणे तत्काळ थांबते. तत्काळ हा शब्द महत्त्वाचा आहे. नवे एंझाइम, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, बनविणे थांबवून हे साधले असते, तर आधीपासून असलेली एंझाइमे आपले काम करीतच राहिली असती, आणि परिणाम दिसायला जंतूंच्या काही पिढ्या जाव्या लागल्या असत्या. ज्या अर्थी परिणाम तत्काळ झाला, त्या अर्थी असलेल्या एंझाइमालाच कोणीतरी मनाई केली असली पाहिजे. कोणी केली?

याचे उत्तर १९५६ साली एडविन अंबार्गर यांनी दिले. थ्रिओनीन या अम्लापासून आयसोल्युसीन बनते, आणि त्याला पाच टप्पे लागतात. त्यांपैकी पहिल्या टप्प्याचे काम थ्रिओनीन डीॲमिनेज नावाचे एंझाइम करते. अंबार्गर यांनी जंतू फोडून काढलेल्या रसात या एंझाइमाची परीक्षा केली, तेव्हा त्यांना आढळले की पाचव्या टप्प्याच्या शेवटी तयार होणारे आयसोल्युसीनच पहिल्या टप्प्याच्या एंझाइमाला थांबविते. मधल्या टप्प्यांच्या एंझाइमांना ते हात लावीत नाही. त्याची गरजही नाही, कारण प्रारंभच झाला नाही तर मधल्यांना काम कोठून मिळणार? त्याच वर्षी आर्थर पार्डी आणि रिचर्ड येट्स यांना न्यूक्लिइक अम्लांच्या एका घटकाच्या निर्मितीत नेमका हाच बंदोबस्त दिसून आला. दोन ठिकाणी, दोन वेगळ्या मालिकांत, एकच तत्त्व. अंतिम पदार्थ पुरेसा साठला की तो स्वतःच आपल्या निर्मितीच्या आरंभबिंदूवर जाऊन बसतो, आणि तो खर्च होऊन उणा पडला की तेथून आपोआप उठतो. पेशीत हिशेब ठेवणारा वेगळा कारकून नाही, साठ्याची मोजदाद करणारा वेगळा अंमलदार नाही. साठाच आपली बातमी देतो, आणि साठाच हुकूम सोडतो.

सभेत रसायनशास्त्र जाणणारे जे कोणी असतील, त्यांच्या मनात येथे एक शंका येईल, आणि ती अगदी रास्त आहे. एंझाइम हे आपल्या ठरलेल्या पदार्थालाच धरते; त्याच्या खाचेत बसायचे तर आकार जुळला पाहिजे. आयसोल्युसीन आणि थ्रिओनीन यांच्या घडणीत तसे पुरेसे साम्य नाही. मग आयसोल्युसीन त्या खाचेत बसते कसे? पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील झाक मोनो यांचा तरुण विद्यार्थी झाँ-पिएर शांझो याने हीच शंका घेऊन काम सुरू केले, आणि १९६१ साली तो अशा निर्णयास आला की ते त्या खाचेत बसतच नाही. एंझाइमावर काही सौम्य प्रक्रिया केली तर त्याचे मूळ काम अबाधित राहते, पण आयसोल्युसीनची मनाई ते मानीनासे होते. याचा अर्थ असा, की काम करण्याची जागा वेगळी, आणि हुकूम ऐकण्याची जागा वेगळी. हुकूम एका जागी मिळतो, आणि त्यामुळे प्रथिनाची घडणच किंचित पालटून दुसऱ्या जागेचे काम थांबते. मोनो, शांझो आणि झाकोब यांनी १९६३ साली या कल्पनेस जे व्यापक रूप दिले, त्याची व्याप्ती आज हीमोग्लोबिनापासून मज्जातंतूंपर्यंत पोचली आहे. कार्यकारणाचा रासायनिक आकाराशी थेट संबंध असलाच पाहिजे, ही सक्ती येथे संपली. कोणत्याही पदार्थाने कोणत्याही कार्यावर अंमल चालवावा, अशी मुभा उत्क्रांतीला मिळाली. माझ्या मते एका जंतूच्या आहारविषयक तपासातून निघालेला याहून मोठा सिद्धांत जीवशास्त्रात नाही.

आता व्हॅलीनकडे परत येऊ. आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही दोन अम्ले निरनिराळ्या द्रव्यांपासून निघतात, पण त्यांच्या निर्मितीचे शेवटचे चार टप्पे तीच चार एंझाइमे पार पाडतात. त्या चारांतील पहिले एंझाइम, ज्याला ॲसिटोहायड्रॉक्सी अम्ल सिंथेज असे लांबलचक नाव आहे, दोन्ही मालिकांच्या या सामाईक भागाच्या प्रवेशद्वारी असते. व्हॅलीन पुरेसे झाले की ते, वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे, आपल्या मालिकेच्या पहिल्या एंझाइमाला थांबविते. परंतु ते एंझाइम एकट्या व्हॅलीनचे नाही. एकाच विहिरीवर दोन भावांचे मळे असावेत, आणि धाकट्याचा मळा भिजताच त्याने आपल्या पाटाची बारी न मोडता मोटच सोडून ठेवावी, म्हणजे थोरल्याचे पीक जसे उभे वाळेल, तशी स्थिती येथे आयसोल्युसीनची होते. लेव्हिट आणि अंबार्गर यांनी १९६२ साली के-१२ मधील व्हॅलीनच्या निर्बंधाची हीच मीमांसा सिद्ध केली. आयसोल्युसीन बाहेरून दिले की प्रश्न मिटतो, कारण मग त्याला विहिरीची गरजच उरत नाही.

परंतु मग दुसरा प्रश्न उभा राहतो. ही तर उघड उघड सदोष व्यवस्था झाली! आतड्यात राहणाऱ्या जंतूला अन्नपचनातून निघणारे व्हॅलीन नेहमीच भेटणार. त्याने दर वेळी उपाशी मरावे काय? निसर्गाने याची तजवीज केलेली आहे. एश्चेरिकिया कोलायच्या जनुकांत या एका कामासाठी तीन निरनिराळ्या एंझाइमांची तरतूद आहे. त्यांतील पहिले आणि तिसरे व्हॅलीनची मनाई मानतात. दुसरे मानीत नाही. व्हॅलीन कितीही असो, दुसऱ्या एंझाइमाच्या आधारे आयसोल्युसीन बनत राहते. मग के-१२ थबकतो का? कारण त्याचे दुसरे एंझाइम निकामी आहे. १९८१ साली त्याच्या जनुकाचा पाठ वाचला गेला, तेव्हा मध्येच वाचनाची चौकट सरकल्यामुळे पुढचा सारा मजकूर निरर्थक झालेला आढळला. के-१२ हा वाण १९२२ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा करण्यात आला होता. जोशुआ लेडरबर्ग आणि टेटम यांनी जंतूंमधील संकराचा शोध त्याच्यावरच लावला, आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यालाच आपला आदर्श जंतू मानले. जगातील सर्वांत अधिक अभ्यासलेला जंतू या एका बाबतीत व्यंग घेऊन वावरत होता, आणि त्या व्यंगामुळेच टेटमला व्हॅलीनचा निर्बंध दिसला. निरोगी वाणावर प्रयोग झाला असता, तर व्हॅलीन घालूनही जंतू वाढतच राहिला असता, आणि आत चाललेला बंदोबस्त बाहेर कोणाला दिसलाच नसता. या प्रकरणातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि ती मी सावकाश सांगत आहे, याबद्दल श्रोते मला क्षमा करतील.

व्हॅलीनयुक्त द्रावणात के-१२ चे कोट्यवधी जंतू पसरून ठेवले, तर अधूनमधून एखादी वसाहत वाढून येते. त्या बंडखोरांपैकी काहींमध्ये, सरकलेली ती चौकट एखाददुसऱ्या अक्षराच्या भरतीने किंवा गळतीने पुन्हा जागेवर आलेली असते, आणि मृतवत पडलेले दुसरे एंझाइम सजीव झालेले असते.

एकाच कामावर अनेक एंझाइमांची तैनाती करण्याचा हा प्रकार व्हॅलीनपुरताच मर्यादित नाही. ॲस्पार्टिक अम्लापासून लायसीन, थ्रिओनीन आणि मेथिओनीन ही तीन अम्ले निघतात. पहिला टप्पा तिघांना समान. तेथे एकच एंझाइम असते आणि लायसीनने ते थांबविले असते, तर उरलेल्या दोघांची उपासमार ठरलेलीच होती. अर्ल स्टॅडमन, जॉर्ज कोएन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ च्या सुमारास दाखविले की तेथे निरनिराळी एंझाइमे आहेत: एक लायसीनचे ऐकते, एक थ्रिओनीनचे. तिसरे कोणाच्याच मनाईला जुमानत नाही, पण मेथिओनीन भरपूर असले म्हणजे ते नव्याने बनविण्याचेच काम तहकूब होते.

तहकुबीचा उल्लेख आला, तेव्हा त्या दुसऱ्या व्यवस्थेविषयीही थोडे बोलले पाहिजे. असलेल्या एंझाइमाला थांबविणे ही तातडीची मनाई झाली. पण ज्या एंझाइमाला कामच नाही, ते बनवीत तरी कशाला राहावे? मोनो आणि जेर्मेन कोएन-बाझीर यांनी १९५३ सालीच असे निरीक्षण केले होते की ट्रिप्टोफॅनच्या सान्निध्यात ट्रिप्टोफॅन घडविणारे एंझाइम जंतू तयारच करीत नाही. ही व्यवस्था सावकाश चालते, पण काटकसर तीच अधिक करते. ट्रिप्टोफॅन हे सर्व विसांत सर्वांत महाग अम्ल आहे. ग्लायसीन वा ॲलनीनचा एक रेणू घडविण्यास शक्तीची जी किंमत पडते, तिच्या सहापट किंमत ट्रिप्टोफॅनच्या एका रेणूला पडते; आणि प्रथिनांत मात्र ते शंभरात जेमतेम एक असते. एवढ्या महाग मालाच्या निर्मितीवर पहारा कडक असावा, यात नवल नाही.

हा पहारा दुहेरी आहे. ट्रिप्टोफॅन घडविणारी पाच जनुके एका ओळीत असून त्यांच्या आरंभी एक प्रथिन, ट्रिप्टोफॅनशी संयोग पावून, जनुकांचे वाचनच रोखून धरते. हे एवढे पुरेसे होते, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. परंतु स्टॅनफर्डच्या चार्ल्स यानॉफस्की यांना असे दिसले की हे रोखणारे प्रथिन नष्ट केले तरी जंतू ट्रिप्टोफॅनची टंचाई ओळखतोच. कशी ओळखतो? जनुकांच्या आरंभी चौदा अम्लांच्या एका चिमुकल्या साखळीचा आदेश लिहिलेला आहे, आणि त्या चौदांत लागोपाठ दोन ट्रिप्टोफॅन आहेत. जे अम्ल शंभरात एकदा यावे, ते येथे शेजारी शेजारी दोनदा! ती साखळी पेशीच्या दुसऱ्या कोणत्याही कामाची नाही. ती बांधून पाहणे, हीच टंचाईची परीक्षा आहे. ट्रिप्टोफॅन मुबलक असले, की साखळी बांधणारा रायबोसोम त्या दोन जागा झरझर ओलांडतो, आणि मागे राहणारी आरएनएची दोरी अशा तऱ्हेने दुमडते की पुढचे जनुकवाचन तेथेच खुंटते. टंचाई असली, की रायबोसोम त्या दोन जागांवर अडखळून उभा राहतो, दोरी निराळ्या तऱ्हेने दुमडते, आणि वाचन पुढे चालू होते. अडखळणे हीच बातमी, आणि अडखळणे हाच हुकूम! पहिल्या पहाऱ्याने निर्मितीत सुमारे ७० पट फरक पडतो, दुसऱ्याने आठ-दहा पट; दोन्ही मिळून ६००-७०० पट. हिस्टिडीनच्या जनुकांच्या आरंभी तर असे लागोपाठ सात हिस्टिडीन आहेत. आयसोल्युसीन-व्हॅलीनच्या जनुकांपुढेही अशीच साखळी आहे, आणि तिच्यात आयसोल्युसीन, व्हॅलीन आणि ल्युसीन यांची अक्षरशः दाटी झाली आहे.

टंचाई पराकोटीला गेली, तर जंतू आपला सगळाच संसार आवरता घेतो. १९६९ साली कॅशेल आणि गॅलंट यांनी उपाशी जंतूंत एका नव्या न्यूक्लिओटाइडाचा शोध लावला. कोणत्याही अम्लाची टंचाई पडताच ते साठू लागते आणि रायबोसोमांची निर्मितीच थांबविते. येथे श्रोत्यांना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. के-१२ जंतूत ही स्थिती मुद्दाम निर्माण करायची असेल, तर आजही प्रयोगशाळांत एक सोपा मार्ग वापरतात: द्रावणात व्हॅलीन घालतात. टेटमला जे कोडे वाटले, ते पुढच्या पिढीचे हत्यार झाले.

आतापर्यंत तात्पुरत्या मनाईविषयी बोललो. परंतु एखादे अम्ल पिढ्यान्‌पिढ्या, सतत, आयतेच मिळत राहिले तर? याचे उत्तर आपल्या घरच्या विरजणात आहे. दूध नासू न देता त्याचे दही करणारे लॅक्टोकोकस जातीचे जंतू दुधातील केसीन तोडून त्यातून ॲमिनो अम्ले मिळवितात; दुधावरच्या वाणांना हिस्टिडीन, व्हॅलीन, ल्युसीन, आयसोल्युसीन अशी कित्येक अम्ले स्वतः करता येत नाहीत, ती मिळाली नाहीत तर ते वाढत नाहीत. वनस्पतींवर राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांना मात्र ती करता येतात. दुधावरच्या वाणांत त्या जनुकांचा शोध घेतला असता १९९० नंतरच्या दशकात फ्रेंच संशोधकांना ती तेथेच, पण ठिकठिकाणी मोडलेली आढळली. निर्मिती प्रथम थांबते, मग निर्मितीची गरज संपते, आणि गरज संपल्यावर जनुकात झालेला बिघाड दुरुस्त करण्याचे कोणतेही कारण उरत नाही. माणसाची नऊ अम्लांची विद्या फार प्राचीन काळी आपल्या पूर्वजांनी अशीच गमावली असावी, असे मानण्यास चांगला आधार आहे.

या ज्ञानाचा व्यावहारिक उपयोग काय, असा प्रश्न या सभागृहात विचारला जाणारच, आणि तो विचारणे योग्यच आहे. जपानात १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी समुद्रवनस्पतीतून ग्लुटामिक अम्लाची चव ओळखली. ते अम्ल पुढे अनेक दशके गव्हाच्या प्रथिनातून काढले जात असे. १९५६-५७ च्या सुमारास किनोशिता आणि उदाका यांना असा एक जंतू सापडला, की बायोटिन या जीवनसत्त्वाची टंचाई करताच तो ग्लुटामिक अम्ल बाहेर ओतू लागतो. मग त्याच जंतूकडून लायसीन काढण्याचा विचार पुढे आला. या जंतूचा पहारा साधा आहे: त्याच्याजवळ ॲस्पार्टिक मालिकेचे पहिले एंझाइम एकच असून, लायसीन आणि थ्रिओनीन दोन्ही एकत्र साठली तरच ते थांबते. जपानी संशोधकांनी थ्रिओनीन करू न शकणारा वाण निवडला, त्याला हवे असलेले द्रव्य बेताबेताने पुरविले, आणि थ्रिओनीन कधी साठूच दिले नाही. पहारा बसला नाही, लायसीन वाहत राहिले. पुढे १९७० च्या सुमारास त्यांनी लायसीनसारख्या दिसणाऱ्या एका खोट्या पदार्थाच्या सान्निध्यात जंतू वाढविले. जे वाढले ते असे, की ज्यांच्या एंझाइमाने मनाई ऐकण्याची जागाच गमावली होती. कुक्कुटपालनाच्या आणि वराहपालनाच्या खाद्यात पडणारे लायसीन आज अशाच वाणांकडून, लक्षावधी टनांनी, तयार करून घेतले जाते.

दुसरा उपयोग आपल्या शेताच्या बांधावर आहे. १९८४ साली अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत लारोसा आणि श्लॉस हे दोघे एका नव्या तणनाशकाचा वनस्पतींवर नेमका कोठे आघात होतो याचा शोध करीत होते. वनस्पतीवर असा शोध करणे अवघड. म्हणून त्यांनी ते औषध साल्मोनेला जंतूवर वापरून पाहिले. औषधाने जंतू थांबला, पण द्रावणात व्हॅलीन असेल तेव्हाच. आणि आयसोल्युसीन घालताच तो पुन्हा वाढू लागला. आपण मघापासून जे ऐकत आहोत, त्यावरून याचा अर्थ कोणीही लावू शकेल. साल्मोनेलापाशी त्या प्रवेशद्वारावरची दोन एंझाइमे असतात. एक व्हॅलीनने बंद केले, आणि दुसरे औषधाने. वनस्पतीलाही तेच एंझाइम लागते, आणि औषध तेथेच घाव घालते. मनुष्याला आणि जनावरांना ते एंझाइम नाहीच, कारण व्हॅलीन, ल्युसीन आणि आयसोल्युसीन ही तीन अम्ले आपण घडवीत नाही, खातो. म्हणून त्या एंझाइमावरचा घाव आपल्याला लागत नाही.

त्याच एंझाइमावर घाव घालणारे इमॅझेथापायर हे दुसऱ्या कुळातले तणनाशक विदर्भातील आणि मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी ते उभ्या पिकावर फवारतात, तरी पीक मरत नाही, कारण सोयाबीन ते औषध चटकन मोडून टाकते. पुष्कळशा तणांना ते जमत नाही, आणि व्हॅलीन, ल्युसीन, आयसोल्युसीन यांच्या उपासमारीने त्यांची वाढ शेंड्यापासून थांबते. फवारणीनंतर तण लगेच करपत नाही, पिवळे पडून हळूहळू मरते, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते; साठ्यातली अम्ले संपेपर्यंत जो काळ जातो, तोच हा काळ.

परंतु के-१२ च्या ताटलीत जे घडले, ते शेतात का घडू नये? तेच एक औषध वर्षानुवर्षे वापरले गेले तेथे, जगातल्या अनेक देशांत, त्याला न जुमानणारी तणे निपजली आहेत. त्यांतील कित्येकांच्या त्या एंझाइमात, ५७४ व्या जागी असलेले ट्रिप्टोफॅन जाऊन त्या ठिकाणी ल्युसीन आलेले असते. एका अम्लाचा हा बदल औषधाला बसायला जागा ठेवीत नाही, आणि एंझाइमाचे मूळ काम मात्र चालू राहते. शिवाय तो बदल एका कुळाच्या औषधापुरता न राहता या एंझाइमावरील बहुतेक सर्व औषधांना लागू पडतो. म्हणून नाव बदलून दुसरी बाटली आणल्याने उपयोग होत नाही. निराळ्या एंझाइमावर काम करणारे औषध आळीपाळीने वापरावे लागते, आणि डवरणी-खुरपणीलाही पुन्हा स्थान द्यावे लागते. बाटलीवरच्या चिठ्ठीत औषध कोणत्या एंझाइमावर काम करते हे मराठीत आणि ठळक अक्षरांत छापले जावे, आणि कृषी खात्याच्या मेळाव्यांत ते शेतकऱ्यांना समजावून सांगितले जावे, एवढी मागणी मी या व्यासपीठावरून करतो.